मी लावलेला कौल

पेशंटच्या तोंडात बॅटरी मारून "अरे बापरे" म्हणायला डॉक्टरांना कायद्याने बंदी हवी.

"अरे बापरे," डॉ. वारंग मॅडम म्हणाल्या आणि आईबाबांकडे वळल्या. "दोन्हीकडचे टॉन्सिल्स एकमेकांना टेकलेत. एवढ्याशा फटीतून ही पोरगी जेवते कशी?"

"जेवायला दीड तास लावते," आई म्हणाली.

"आणि झोपताना? घोरते?"

"घोरते?" बाबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना हा विषय मनापासून आवडायचा. "मॅडम, आमच्या वाडीत भुरटे चोर यायचे. ही चार वर्षांची झाल्यापासून एक आला नाही."

मॅडम हसल्या. मी हसले नाही, कारण तोपर्यंत मला डुलकी लागली होती. दवाखान्याच्या उंच स्टुलावर, तोंड उघडं ठेवून. आईने कोपर मारलं तेव्हा जाग आली.

तेव्हा मी सहावीत होते. आज दहावीत आहे, आणि मला गप्प बसवण्यासाठी आमच्या वर्गात माझ्या दोन्ही बाजूंना मुद्दाम अबोल मुली बसवतात. त्या दोघीही आता बोलायला लागल्यात. पण सहावीतली भार्गवी गुरव वेगळीच होती. तिला सगळे 'डुलकी' म्हणायचे. प्रार्थनेला उभ्या उभ्या डोळा लागायचा. गणिताच्या तासाला फळ्यावर पाच आकडे असले की तिसऱ्यापर्यंत मी जागी असायचे. सरांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'मंद आहे, पण त्रास देत नाही.' ते वाक्य वाचून मला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. वाईट वाटायलाही माणूस जागं लागतं.

मॅडमनी कागदावर नाकाचं आणि घशाचं चित्र काढलं. नाकाच्या मागे आणखी एक गाठ असते, तीही माझी सुजली होती. झोपेत सगळं मिळून वाट बंद करत असणार, म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नसणार, असं त्या म्हणाल्या.

"दोन रस्ते आहेत. एक, ऑपरेशन. पूर्ण भूल द्यावी लागते. अर्धा-पाऊण तासाचं काम. नंतर आठ-दहा दिवस घसा दुखेल. क्वचित एखाद्या मुलाला नंतर रक्तस्राव होतो, तेव्हा परत आणावं लागतं. भुलीचा धोका अगदी थोडा, पण नाहीच असं मी म्हणणार नाही. दुसरा रस्ता, नाकात मारायचा फवारा देते, तीन-चार महिने थांबून बघू. वय वाढतं तशा गाठी आपोआप लहान होतात, काहींच्या होतात. मात्र झोपेत श्वास खरंच अडकत असेल, तर मी थांबा म्हणणार नाही. तुम्ही झोपलेली असताना नीट बघितलंय का हिला?"

"करूया," बाबा म्हणाले.

"थांबूया," आई म्हणाली.

दोघं एकाच वेळी.

*

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आंबेगाळ हे आमचं गाव. कुडाळहून एस.टी.ने पाऊण तास. बाबा गावच्या देवळाचे गुरव. पूजा, दिवाबत्ती, आणि मुख्य म्हणजे कौल. आमच्याकडे कुणाचंही काही अडलं, मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, हरवलेली म्हैस, की तो माणूस देवळात येतो. बाबा त्याच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात, देवाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर देवाचं 'हो'. डावी पडली तर 'नाही'.

आणि आई? आई गावची आशाताई. ती घाटावरची, गडहिंग्लजकडची. लग्न करून आली तेव्हा तिला मालवणी कळायची नाही, आता सगळं कळतं, पण बोलते आपलीच भाषा. खांद्याला बॅग लावून ती वाडी-वाडी हिंडते. बाळाला लस द्या, गोळ्या खा, ताप अंगावर काढू नका. कुणी म्हणालं, "ताई, सुईन ताप येता," की आई ठणकावून सांगणार, "येतो आणि जातो. काही होत नाही."

म्हणजे सगळ्या गावाचा हिशेब असा की काही विचारायचं तर गुरवाकडे, आणि न विचारता करायचं तर गुरवीणबाईंकडे. आणि आमच्या घरात काय चाललं होतं? देवाचा माणूस म्हणत होता, डॉक्टर सांगते ते करा. डॉक्टरांची बाई म्हणत होती...

"कौल लावा."

एस.टी.त, मागच्या सीटवर, आई हे हळूच म्हणाली. मी मध्ये बसले होते, बाबांच्या खांद्यावर डोकं टाकून. सगळ्यांना वाटायचं मी झोपलेय. बऱ्याचदा झोपलेली असायचेही. पण तेव्हा नव्हते.

बाबा तिच्याकडे वळले. "तू? तू म्हणतंस कौल लावा?"

"मी म्हणते. हसू नका."

"हसणंय नाय. गावभर सांगत फिरतंस, डॉक्टर सांगतत ता ऐका. मगे आपल्या चेडवाच्या वेळेक काय झाला?"

"गावात मी लाखात एक सांगते. लाखात एखाद्यालाच काही होतं, म्हणते. सांगायला काय जातं? पण तो एक कुणाचा तरी असतोच ना हो? कुठल्यातरी आईचा?" आई माझ्यावरून बाबांकडे वाकली. "तुम्ही सगळ्यांचे कौल लावता. परबांच्या म्हशीचा लावलात. माझ्या पोरीचा लावा."

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गुरवाच्या घरचो कौल गुरवान लावूचो नसता. नियम आसा."

"असा नियम मी कधी ऐकला नाही."

"तू घाटावरची. तू खंयसून ऐकतलंस?"

मध्ये मी. माझ्या एका कानाला आईचा श्वास लागत होता आणि एका कानाला बाबांचा. माझा स्वतःचा मला कधीच कळायचा नाही.

*

गावात बातमी आमच्या आधी पोचली. एस.टी.चा कंडक्टर आमच्याच वाडीतला.

दुसऱ्या दिवशी शेवंतीकाकू पाण्याच्या नळावर आईची वाटच बघत होत्या. शेवंतीकाकूंच्या तिन्ही नातवंडांना आईने मागे लागून लागून लसी दिल्या होत्या, आणि त्याचा राग त्यांनी नीट जपून ठेवला होता.

"काय गो आशाताई! आमच्या पोरांका सुयो टोचूक बरी पुढे येतंस. आता आपल्या चेडवाचा नाव निघाला तर पाय लटपटतत?"

"सुई वेगळी, ऑपरेशन वेगळं, काकू."

"ता तर खराच. माझ्या माहेरी एकाचे टॉन्सिल काढले. बरो गायचो. आता बोलता तर वाटता रेडो हंबारता."

"तसं काही होत नसतं."

"नाय तर नाय. पन तू मग थांबलंस कशाक?"

आईने हंडा कमरेवर घेतला. मी मागे कळशी घेऊन चालत होते आणि तिची मान बघत होते. आईची मान एरवी ताठ असते. कुणी दार लावून घेतलं, कुणी कुत्रं सोडलं, तरी ती दुसऱ्या दिवशी परत त्याच दारात जाते. त्या दिवशी ती मान खाली होती, आणि ती माझ्यामुळे खाली होती, एवढं मला झोपेतही समजलं असतं.

पुढचे दिवस घरात नुसता वाद. जेवताना वाद, दिवा लावताना वाद.

"फवारा मारतोय ना? तीन महिने बघू."

"तीन म्हयने ता पोर असाच पेंगतला? सहावी गेली तिची."

"गाठी आपोआप बसतात, मॅडमच म्हणाल्या."

"काहींच्या, म्हणाल्या. काहींच्या."

"आणि भूल दिल्यावर..."

"आनि भूल नाय दिल्यार?"

मला कुणी विचारत नव्हतं. म्हणजे "भार्गी, आणखी भात?" असं विचारायचे. पण ज्या घशावरून दोघं भांडत होती, तो घसा माझा होता हे बहुतेक विसरले होते. तुम्ही म्हणाल, तूच का नाही बोललीस? मी बोलणार होते. वाक्य जमवत होते. पण वाक्य जमेपर्यंत मला झोप यायची. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती, फक्त ती सांगण्याइतकी जागी मी सलग कधी नसायचे. मला दोन्ही गोष्टी हव्या होत्या, घसा कापायला नको आणि जागं राहायला मिळू दे. जागी असलेली मुलं काय काय करतात हे मी बघायचे. ती पूर्ण सिनेमा बघत. विनोद संपायच्या वेळीच हसत, माझ्यासारखी पाच मिनिटांनी नाही.

एकदा मात्र, वाद चालू असताना, आई रडतच म्हणाली, "तुमचा देव काय म्हणतो एवढं कळलं असतं तरी मी तयार झाले असते." आणि बाबा ताटावरून उठून गेले.

मग मी ठरवलं, कौल मीच लावायचा.

*

रविवार होता. दुपारची आरती आटोपून बाबा जेवायला घरी गेले. देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गाभाऱ्याला ते कडी लावतात, कुलूप नाही. आई अंगणवाडीत बाळांची वजनं करायला गेली होती.

आमच्याकडे बायकामुली गाभाऱ्यात जात नाहीत. मी गेले. कळशीभर पाण्याने हातपाय धुतले, केस बांधले आणि गेले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट अर्धवट झोपेत करत नव्हते. छाती धडधडत होती. धडधडत असली की झोप येत नाही, हा शोध मला तेव्हाच लागला.

आत गार होतं. देवाच्या अंगाला तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. मी सकाळच्या हारातल्या दोन पाकळ्या काढल्या, तांब्यात बुडवल्या आणि चवड्यांवर उभी राहून चिकटवल्या. उजव्या खांद्यावर एक. डाव्या खांद्यावर एक. मग हात जोडले.

तेव्हा मी काय म्हणाले, ते थोडं नंतर सांगते.

मग बाहेर येऊन मंडपात बसले, जिथून दोन्ही खांदे दिसतात. पाकळ्या पडेनात. बाबा लावतात तेव्हा कधी पाच मिनिटांत पडतात, कधी तास जातो. फरशी गार होती. मी जरा आडवी झाले. फक्त जरा.

इथून पुढचं मला बाबांनी सांगितलंय. अनेकदा, आणि दर वेळी थोडं वाढवून, त्यामुळे मी थोडं कमी करून सांगते.

आई वजनं आटोपून घरी आली. मी घरात नाही म्हटल्यावर शोधत देवळात आली. बाबा तिच्या मागोमाग. मंडपात मी आडवी, तोंड उघडं, आणि नेहमीचं घोरणं चाललेलं. बाबांना हसू आलं. आई हाक मारणार तेवढ्यात घोरणं थांबलं.

"बघ, शांत झोपला पोर," बाबा म्हणाले.

"श्शू," आई म्हणाली.

आईच्या बॅगेत एक घड्याळ असतं. आशाताईंना ते लहान बाळांचे श्वास मोजायला मिळतं. नवीन बाळ घरी आलं की आई जाते, बाळाचं झबलं वर करते आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघत श्वास मोजते. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करायचे नाहीत, पूर्ण मिनिट, असं तिला शिकवलंय. गावात गेल्या नऊ वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक पोराचे श्वास तिने मोजलेत. मी त्याआधीची. माझे कधी मोजले नव्हते.

तिने घड्याळ काढलं आणि माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. माझा फ्रॉक पोटावर हलत होता, जोरजोरात, जणू आत कुणी दार ढकलतंय. पण नाकातोंडातून काहीच येत नव्हतं. आईने माझ्या तोंडासमोर हात धरला. वारा नाही. ओठ हलवत ती मोजत होती. दहा. बारा. बाबा म्हणाले, "उठव तिका." आईने मान हलवली. पंधरा. सोळा. सतरा. अठराव्या सेकंदाला मी गचका देऊन, घशातून मोठा आवाज करून श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागले.

आई उठली नाही. तिने पुन्हा घड्याळ धरलं. बाबा म्हणतात, ती तशी वीस मिनिटं बसली होती. अकरा वेळा श्वास थांबला. अकरा वेळा तिने मोजला. मला हात लावला नाही, डोळे पुसले नाहीत, बॅगेतला कागद काढून फक्त आकडे लिहिले, एकाखाली एक. नवीन बाळांचे लिहिते तसे.

मी जागी झाले ती आईच्या मुठीने. तिने माझं मनगट धरलं होतं, दुखेल इतकं.

"उठ. घरी चल. मला मॅडमना फोन करायचाय."

मी आधी गाभाऱ्याकडे बघितलं. बाबा आत पाठमोरे उभे होते. देवाच्या खांद्यांवर काही नव्हतं.

"बाबा, पाकळ्या?"

"पडल्यो."

"कुठली आधी पडली?"

बाबा वळले. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता गाभाऱ्यात गेल्याबद्दल एक बसणार. पण ते नुसते म्हणाले, "माका दिसाक नाय. माझा लक्ष तुझ्याकडे होता."

*

ऑपरेशन पुढच्या सोमवारी सकाळी. रात्रीपासून उपाशी. कुडाळच्या त्या दवाखान्यात पहिल्या मजल्यावर हिरवे पडदे होते आणि भिंतीवर गोजिरवाण्या बाळाचं पोस्टर, जे मला अजिबात गोजिरवाणं वाटत नव्हतं.

मॅडमनी आईने लिहिलेला कागद बघितला. अठरा, चौदा, सतरा, अकरा, सोळा.

"हे तुम्ही घड्याळ लावून मोजलंत?"

"हो. पूर्ण वीस मिनिटं."

"ताई, पालक मला 'खूप घोरते' एवढंच सांगतात. असा कागद मला पहिल्यांदा मिळतोय." मग त्यांनी संमतीचा अर्ज पुढे केला. "नीट वाचा. पुन्हा काही विचारायचंय? धोके मी परत सांगू?"

"सांगा," आई म्हणाली.

त्यांनी सगळं परत सांगितलं. भूल, रक्तस्राव, दुखणं. आईने एकेक शब्द ऐकला. 'काही होत नाही ना?' असं विचारलं नाही. तिने पेन हातात घेतलं.

"उज्ज्वला," बाबा आईला म्हणाले. "जरा थांब."

मॅडमना काहीतरी कळलं असावं. त्या बाहेर गेल्या. आम्ही तिघंच. मी दवाखान्याचा ढगळ झगा घालून पलंगावर बसले होते, पाय जमिनीला टेकत नव्हते.

"माका सांगूक व्हया. तू सही करूच्या आधी सांगूक व्हया, नायतर माझ्यान जगाक होवचा नाय." बाबांचा आवाज गाऱ्हाणं घालतानाचा नव्हता. तो आवाज देवळाच्या कळसापर्यंत जातो. हा पलंगापर्यंतही पोचत नव्हता. "त्या दिवशी पाकळी मी बघलंय. डावी आधी पडली."

आईने पेन टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"आठ दिवस झाले," ती म्हणाली. "आठ दिवस तुम्ही गप्प?"

"आठ दिस झोपाक नाय मी. आनि एक सांगतंय. नियम नाय गो तसो. गुरवान घरचो कौल लावूचो नाय, असो खंयचो नियम? मी भियालंय. हात माझो. ओली पाकळी किती दाबूची, ता माझ्या हातात. लोकांच्या म्हशीक माझो हात साफ आसता. भार्गीच्या वेळेक माझ्या मनात 'हो'च होता. ता हातात उतारला असता, तर ता देवाचा उत्तर कसा म्हणाचा?" त्यांनी कपाळ पुसलं. "म्हणान लावक नाय. आनि मगे ह्या चेडवान लावल्यान, आनि देवान नाय म्हटल्यान."

मी आईकडे बघत होते. तिला देवाचं उत्तर हवं होतं, रडून मागितलं होतं. आता मिळालं होतं. ती उठून मला घरी नेऊ शकत होती. कुणी काही बोललं नसतं, शेवंतीकाकूसुद्धा नाही.

आईने पेनाचं टोक त्या ठिपक्यावरून उचललं.

"अठरा," ती म्हणाली.

"काय?"

"अठरा सेकंद. मी मोजलेत." तिने सही केली. पूर्ण नाव, उज्ज्वला दिगंबर गुरव, खाली तारीख. मग अर्ज उचलून बाबांच्या हातात दिला. "इथे तुमची."

बाबांनी सही केली. पण त्यांचा हात! ज्या हाताने ते पेटतं निरांजन न हलवता ओवाळतात, तो हात असा थरथरत होता की 'दिगंबर'चा 'र' कागदाच्या बाहेर गेला. आईने आपल्या आकड्यांवर विसंबून ठरवलं होतं, देवाच्या 'नाही'चं ओझं बाबांच्याच खांद्यावर राहिलं होतं. उद्या काही बरंवाईट झालं असतं तर हा माणूस पुन्हा कधी त्या गाभाऱ्यात शिरला नसता, हे मला, वर्गातल्या मंद मुलीला, लख्ख दिसलं. उपाशी होते म्हणून असेल, भीतीने असेल, पण मी त्या क्षणी कधी नव्हते इतकी जागी होते.

"बाबा," मी म्हणाले, "पण मी तर काही विचारलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"पाकळ्या लावल्या, हात जोडले. पण गाऱ्हाणं कसं घालतात ते मला कुठे येतं? म्हटलं, जरा बसून आठवू. आणि बसले तर झोप लागली."

बाबांनी अर्ज खाली ठेवला. "काय्येक विचाराक नाय?"

"काहीच नाही. नुसत्या पाकळ्या. देव काय सांगणार बिचारा?"

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. मग कळलं, हसतायत. हसता हसता त्यांनी माझं डोकं आपल्या पोटाशी दाबलं. "अरे माझ्या डुलक्या! देवाक कौलाक बसवलंस आनि आपण झोपान गेलंस? आठ दिस माझो जीव खाल्लंस गो, चेडवा!"

आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, घड्याळ हातात असताना बघते तशी.

मग नर्स आली आणि मला घेऊन गेली.

*

बाबा, हे तुम्ही वाचणार आहात. शाळेच्या अंकात छापून येणार आहे आणि आई ते तुम्हाला मोठ्याने वाचायला लावणार आहे. म्हणून आता सांगते.

मी विचारलं होतं. सगळं, नीट. जन्मापासून तुमचं गाऱ्हाणं ऐकत आलेय, मला येत नाही असं तुम्हाला वाटलं तरी कसं? 'बा देवा महाराजा' म्हणून सुरुवात केली. आई भिते, बाबा लावत नाहीत, म्हणून मी आलेय, हे सांगितलं. मग विचारलं, 'ऑपरेशन करावं का? हो असेल तर उजवी दे, नाही असेल तर डावी.' आणि 'होय महाराजा' म्हणायला मागे कुणी नव्हतं म्हणून तेही मीच म्हणाले, तीनदा.

तर डावी पडली. तुम्ही ते दवाखान्यात सांगितलंत. उत्तर कशाचं होतं, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

पण आईने तरीही सही केली होती. आणि तुमचा तो हात मला बघवत नव्हता.

आत खूप उजेड होता. भूल देणारे काका मास्क लावून आले. त्यांचे फक्त डोळे दिसत होते, म्हातारे आणि मिश्कील. त्यांनी माझ्या हातावर टिचकी मारून शीर शोधली.

"काय गं, भीती वाटते?"

तोपर्यंत मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "पण करा."